नव्या माशाचा गृहप्रवेश

पाण्यावर रेघ ओढता येत नाही, असे आपण म्हणतो. परंतु खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत रेघाच रेघा ओढलेल्या असतात. त्या आपल्याला दिसत नाहीत, माशांना दिसतात. हा दगड माझा, ती कपार तुझी, अशी तेथे वाटणी झालेली असते. अशा भरल्या घरात एखादा नवा मासा सोडावयाचा असेल तर काय करावे, हा या लेखाचा विषय आहे.

महाड-पोलादपूरच्या वाचकाला हा विषय जरा दूरचा वाटेल. आपल्याकडे मासा म्हणजे पहिल्या पावसात वलगणीला चढणारा, नाही तर सावित्रीच्या खाडीतला. त्याची जागा काचेत नव्हे, कालवणात! मीही कला शाखेचा विद्यार्थी. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. पण माझे मामा मुंबईत दवाखान्यांतील आणि कचेऱ्यांतील टाक्या सांभाळण्याचे काम करतात. गेल्या दोन्ही मे महिन्यांच्या सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली बादल्या उचलल्या. तेथे जे पाहिले आणि नंतर ग्रंथालयात जे वाचले, ते येथे सांगतो.

प्रथम मासे भांडतात का, ते पाहू. टाकीतले रंगीत मासे मूळचे प्रवाळ खडकांवरचे. तेथे अन्न आणि लपायची जागा या दोहोंसाठी मोठी चुरस असते. ‘डॅमसेल’ नावाचा बोटभर लांबीचा मासा आहे. त्याच्या काही जाती खडकावर शेवाळाचा एक तुकडा राखतात. आपण शेताची राखण करतो तशीच ही राखण. तेथे कोणी फिरकला, मग तो कितीही मोठा असो, की हा त्याच्यावर धावून जातो. कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने प्रवाळ खडकांवरच्या माशांचे निरीक्षण केले. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासाबद्दल त्याला 1973 चे नोबेल पारितोषिक दोन शास्त्रज्ञांसह विभागून मिळाले. त्याला असे आढळले की, हे मासे सर्वांत जास्त तुटून पडतात ते आपल्याच जातीच्या माशांवर. कारण उघड आहे. ज्याला आपल्यासारखेच अन्न आणि आपल्यासारखीच कपार हवी, तोच खरा वाटेकरी.

समुद्रात हे भांडण लवकर मिटते. हरलेला मासा चार हात दूर पळतो आणि प्रश्न संपतो. टाकीत मात्र पळून जायचे कोठे? चारही बाजूंना काच. समुद्रात जो पाठलाग क्षणभराचा, तोच येथे दिवसभर चालतो, आणि नवा मासा जखमांनी, उपासाने किंवा नुसत्या धास्तीने मरतो. पुढील सर्व खटाटोप आहे तो हा मृत्यू टाळण्यासाठी.

पहिली गोष्ट क्रमाची. टाकी नवी असेल तर गरीब स्वभावाचे मासे आधी सोडावेत, भांडखोर सर्वांत शेवटी. आधी आला तो मालक होतो, म्हणून दांडगटाला मालक होऊ देऊ नये. रंगाने व आकाराने सारखे मासे शक्यतो एकत्र ठेवू नयेत.

दुसरी गोष्ट विलगीकरणाची. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. अंगावर पांढरे ठिपके आणणारा रोग त्याच्याबरोबर आला असेल, तर तो तेथेच कळतो. शिवाय प्रवासाने थकलेला मासा खाऊन-पिऊन सावरतो. अशक्त पाहुणा मार खाण्यासाठीच आल्यासारखा असतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. टाकीच्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व हायड्रोमीटरने पाहून साधारण 1.023 ते 1.025 राखतात. माशाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली की दोन्हीकडचे तापमान सारखे होते. मग मासा पिशवीतल्या पाण्यासह लहान बादलीत घेऊन, सलाईन लावावे तसे बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब थेंब सोडतात. पिशवीचे पाणी मात्र टाकीत ओतू नये. त्यात घाण साठलेली असते.

चौथी गोष्ट हद्दी पुसण्याची, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच. नवा मासा सोडण्यापूर्वी मामा टाकीतले दगड हलवतात. कपारी बदलल्या की जुन्या माशांच्या मनातला नकाशा निरुपयोगी होतो. त्या घटकेला सगळेच नवे असतात आणि जो तो स्वतःची जागा शोधण्यात गुंततो. त्याआधी जुन्यांना पोटभर खाऊ घालतात आणि दिवे मालवतात. माझी आजी नवी कोंबडी रात्रीच खुराड्यात सोडते, त्यामागेही हाच विचार असावा.

पाचवी गोष्ट ओळखीची. एका दवाखान्यातल्या टाकीत दोन वर्षे मुरलेला निळा डॅमसेल होता. तेथे नारिंगी-पांढरा क्लाउन मासा सोडावयाचा होता. मामांनी त्याला आधी भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीत टांगला. पहिला दिवसभर डॅमसेल डब्याला धडका देत राहिला. दुसऱ्या दिवशी धडका कमी झाल्या. पाचव्या दिवशी तो डब्याजवळून सरळ निघून गेला, तेव्हा मामांनी दिवे मालवून डबा उघडला. थोडा पाठलाग झाला, पण दोघेही खाऊ लागले. एवढ्यानेही भागले नसते, तर चार-सहा दिवसांसाठी डॅमसेललाच बाहेर काढावयाचे मामांनी ठरवले होते. तो परत येतो तेव्हा नवखा तो ठरतो. फाटलेले पर, कोपऱ्यात पृष्ठभागाशी खिळून राहणे, धापा टाकणे आणि न खाणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

त्या वेळी तेथे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, “एवढी यातायात कशाला? मेला तर दुसरा आणायचा.” मामा काही बोलले नाहीत. पण हा ‘दुसरा’ येतो कोठून? खाऱ्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे आजही समुद्रातूनच पकडून आणतात. म्हणजे टाकीत एक मेला की खडकावरचा आणखी एक उचलला जातो. क्लाउन माशाची पैदास मात्र हौदात करता येते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने आपल्या देशात ती करून दाखवली आहे. विकत घेताना असा पैदास केलेला मासा मागावा.

माशांवरून माणसाविषयी निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. नव्याला हाकलणे हा निसर्गच आहे, असे कोणी म्हणतोही. महाडच्या विद्यार्थ्याला ते पटू नये. येथील नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला, तरी दलितांना पाणी बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि सत्याग्रहींनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतरचा न्यायालयीन वाद उच्च न्यायालयात निकाली निघण्यास 1937 साल उजाडले. डॅमसेलची हद्द उपजत असते, तो ती सोडू शकत नाही. तळ्याची हद्द माणसांनी आखली होती, म्हणून ती माणसांना पुसता आली.

दर वर्षी जून-जुलैत आपल्या वर्गांतही वाड्यावस्त्यांवरून नवी मुले येतात, आणि त्यांतली बरीचशी घरातली पहिलीच असतात. त्यांनी मागच्या बाकावर अंग चोरून बसावे की मोकळेपणाने वावरावे, हे केवळ त्यांच्या धीटपणावर अवलंबून नाही. दगड थोडे हलवण्याचे काम आधीपासून येथे असलेल्यांचे आहे.