चूल विझवून प्रथिने मिळतील काय?

विस्तव न लागलेले अन्नच खावे, दूध-दही-मधासही स्पर्श करू नये, असा आहारपंथ अलीकडे पुण्या-मुंबईच्या सीमा ओलांडून धाराशिव, कळंब, उमरग्यासारख्या गावांतील तरुणांपर्यंत पोहोचला आहे. मोड आलेली कडधान्ये, भिजवलेले शेंगदाणे, फळे आणि पालेभाजी एवढ्यावर निरोगी राहता येते, असे या पंथाचे अनुयायी सांगतात. त्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, 'मग प्रथिने कुठून मिळणार?' प्रश्न रास्त आहे. पण तो ज्या रीतीने विचारला जातो, ती रीत अपुरी आहे.

प्रथम हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसास शरीराच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज हवीत. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीस पन्नास ग्रॅम. शंभर ग्रॅम मटकीतून वीसेक, साठ ग्रॅम शेंगदाण्यांतून चौदा-पंधरा आणि तीस ग्रॅम तिळांतून पाचेक ग्रॅम मिळतात. उरलेली सोलाणे, पालेभाज्या व फळे यांतून भरून काढता येतील. तेव्हा कागदावर हा आहार अशक्य नाही, हे मान्य केले पाहिजे.

परंतु पोट कागदावर भरत नाही. वरील मटकी, शेंगदाणे व तीळ मिळून जेमतेम आठशे उष्मांक होतात. बैठे काम करणाऱ्यासही दिवसाला दोन हजारांच्या आसपास लागतात. उरलेले बाराशे भरून काढायला डझनभर केळी खावी लागतील, आणि तीही रोज. ती ज्याला परवडत नाहीत किंवा जात नाहीत, त्याचे शरीर खाल्लेली प्रथिनेच इंधन म्हणून जाळू लागते. घराची तुळई काढून चुलीत घालण्यासारखाच हा प्रकार होय.

ही गोष्ट एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने जगाला पटवून देण्याचा प्रयत्न केला होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे १९५१ ते १९७० या काळात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. गरीब देशांवर 'प्रथिनांचे संकट' कोसळत आहे, असा गजर १९६८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अहवालातून झाला. त्या काळात सुखात्म्यांनी दाखवून दिले की, धान्य व डाळ हा भारतीयांचा नित्याचा आहार पोटभर मिळाला तर त्यातूनच प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. उणीव असते ती पोटभर अन्नाची. त्यांच्या कुपोषणविषयक इतर निष्कर्षांवर प्रा. वि. म. दांडेकर यांच्यासारख्यांनी जोरदार आक्षेप घेतले, हे खरे. पण उष्मांक अपुरे असतील तर प्रथिने वाया जातात, हे मूळ सूत्र आजही टिकून आहे.

या सूत्राच्या प्रकाशात आपल्या भाकरीकडे पाहावे. भाकरी केवळ पोट भरते, असा सुशिक्षितांचाही समज असतो. वास्तविक चारशे ग्रॅम ज्वारीतून चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने आणि तेराशेहून अधिक उष्मांक मिळतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. तो तुरीत व हरभऱ्यात भरपूर असतो, आणि डाळींत जे उणे ते ज्वारी पुरविते. वेळ अमावास्येला या जिल्ह्यात शेतात बसून बाजरीचे उंडे, ज्वारीची आंबील आणि ओल्या शेंगांच्या दाण्यांची भज्जी खातात, तेव्हा हाच मेळ पानात उतरलेला असतो. मात्र वाळलेली ज्वारी विस्तवाशिवाय माणसाच्या अंगी लागत नाही. चूल विझली की पहिली जाते ती भाकरी.

कडधान्यांचेही तसेच. मराठवाड्याचे शिवार आज सोयाबीनने भरलेले दिसते. पण 'घरचेच तर आहे' म्हणून कोणी ते कच्चे खाऊ लागला, तर फसेल. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि उष्णता दिल्यावर ती सुधारते, हे ऑस्बर्न व मेंडेल यांनी १९१७ सालीच दाखविले होते. प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडविणारे द्रव्य त्यात असते. मोड आणल्याने ते काहीसे घटते, नाहीसे होत नाही. मटकी-मूग पचायला सोपे. पण त्यांना स्वच्छ पाणी हवे, आणि टँकरची वाट पाहणाऱ्या गावात उन्हाळ्यात तेच दुर्मिळ असते.

महात्मा गांधींसारख्या निग्रही माणसाने १९२९ साली साबरमतीच्या आश्रमात सहकाऱ्यांसह कच्च्या आहाराचा प्रयोग केला. काही आठवड्यांतच आमांशाने ते आजारी पडले आणि प्रयोग सोडून पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले. त्यांच्या हाताशी वेळ, देखरेख आणि आश्रमाची शिस्त होती. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याजवळ यांतले काय असते?

म्हणून निरोगी प्रौढाने मोजूनमापून, बी-१२ जीवनसत्त्वाची वेगळी सोय करून हा मार्ग धरला, तर त्याला हसण्याचे कारण नाही. वाढत्या मुलांवर, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर मात्र तो लादू नये. इतरांनी त्यातले चांगले तेवढे घ्यावे: भाकरीबरोबर पाथरी, कांद्याची पात, मेथी, मूठभर शेंगदाणे, मोडाची मटकी. विस्तव आणि हिरवा पाला यांचे आपल्याकडे कधी वैर नव्हतेच.

खरी चिंता निराळी आहे. २०१८ साली केंद्र सरकारने ज्या मागास जिल्ह्यांना 'आकांक्षित' म्हटले, त्यांत या जिल्ह्याचे नाव होते. येथील तूर व हरभरा बाजार समितीत जातो, सोयाबीन तेल गिरणीत जाते, भूम-वाशीकडील दूध खव्याच्या भट्टीवर आटते; आणि पिकविणाऱ्याच्या पानातील वरण पातळ होत जाते. शाळेतील माध्यान्ह भोजनात प्राथमिकच्या मुलाला बारा व उच्च प्राथमिकच्या मुलाला वीस ग्रॅम प्रथिने मिळावीत, असा नियम आहे. ती डाळ खरोखर पातेल्यात पडते की नाही, हे पाहण्याचे काम शिक्षक व पालक आजच करू शकतात. चूल पेटवावी की विझवावी, हा वाद भरल्या घरी शोभतो. चुलीवरच्या पातेल्यात डाळ किती, हा प्रश्न सगळ्या जिल्ह्याचा आहे.