दडपशाहीचा पहिला घाव नात्यांवर

मोर्चा पांगवायला लाठी पुरते. चळवळ मोडायची तर माणसामाणसांतला विश्वास मोडावा लागतो. इथल्या व्यवस्थेला हे चांगले ठाऊक आहे. म्हणूनच मोर्चा संपल्यावर खरी दडपशाही सुरू होते ती वस्तीत, 'कोम्बिंग ऑपरेशन'च्या नावाखाली. दार ठोठावले जाते एकाचे, पण गप्प बसते अख्खी गल्ली!

29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. प्रस्थापित वर्तमानपत्रांनी सुरुवातीला फारशी दखल घेतली नाही. सत्य पोचवले ते कार्यकर्त्यांनी आणि वस्त्यावस्त्यांनी. नोव्हेंबरमध्ये समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांना त्यामागे नक्षलवादी दिसले. म्हणजे आम्ही एकमेकांना हाक दिली, तर तो कट!

परभणीतही तेच घडले. 10 डिसेंबर 2024 रोजी तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि अटकसत्र सुरू झाले. अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. शवविच्छेदनात अनेक जखमांची नोंद झाली. मुख्यमंत्री फडणवीस यांनी मात्र विधिमंडळात मारहाणीचा आरोप नाकारला.

पुढे काय झाले? सोमनाथची आई विजयाबाई मागे हटल्या नाहीत. समाज त्यांच्यामागे उभा राहिला, ॲड. प्रकाश आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. 4 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. 30 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. एकटी आई हे करू शकली असती काय?

आज भूम तालुक्यातल्या वाडीवरही मोबाईलवर बातमी क्षणात पोचते. तासाभरात गर्दी जमते. पण तेच चित्रण पोलिसांना ओळख पटवण्याच्या कामी येते. पोरगा आत गेला की व्हॉट्सॲपचा ग्रुप जामीन देत नाही. जामीन मंजूर झाला, तरी ऐपतदार जामीनदार लागतो. भूमिहीनाकडे सातबारा कुठला? मग बाप त्याच्याच दारात जातो, ज्याच्याविरुद्ध पोराने घोषणा दिली होती. चळवळ तिथे हरते, चौकात नव्हे.

म्हणून प्रत्येक विहारात आजच तीन याद्या तयार असाव्यात : वकिलांची, जामीनदारांची आणि अडचणीत घर सांभाळणाऱ्या महिला मंडळाची. अटक झालेल्याला वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाण्याचा हक्क संविधानाच्या कलम 22 ने दिला आहे. तो पोरांना तोंडपाठ हवा. मारहाण झाली असेल, तर ती न्यायदंडाधिकाऱ्यांना तिथेच सांगावी, वैद्यकीय तपासणी मागावी.

बाबासाहेबांनी आपल्याला जमाव केले नाही, समाज केले. जमाव लाठीने पांगतो, समाज पांगत नाही.

जय भीम!