शिंगातले खत

इसवी सन १९२४ च्या जून महिन्यात, म्हणजे आपल्याकडचा शेतकरी मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसतो त्याच दिवसांत, तेव्हा जर्मनीत असलेल्या आणि आज पोलंडात मोडणाऱ्या कोबेरवित्स गावी, एका काउंटच्या जहागिरीवर, रुडॉल्फ स्टायनर या तत्त्वचिंतकाने शेतीवर आठ व्याख्याने दिली. जमिनीचा कस उतरत चालला, बियाणे खालावले, ही श्रोत्यांची तक्रार होती. तिच्यावर स्टायनरने सुचविलेला तोडगा प्रयोगशाळेतून नव्हे, अंतर्दृष्टीतून आला होता, आणि हे सांगताना त्याला यत्किंचितही संकोच वाटला नाही.

गाईच्या पोकळ शिंगात शेण ठासून भरावयाचे, हिवाळाभर ते शिंग जमिनीत पुरून ठेवावयाचे, आणि वसंतात उकरून पाहावे तो शेणाचा दर्प जाऊन आत काळीभोर, रानमातीच्या वासाची भुकटी झालेली असते. ती मूठभर भुकटी बादलीभर पाण्यात तासभर ढवळावयाची, आधी एका दिशेने खोल भोवरा पडेपर्यंत, मग तो मोडून उलट दिशेने, आणि संध्याकाळी शेतावर शिंपडावयाची. शिंग विश्वशक्तींना आतल्या आत परतवते, अशी यामागची उपपत्ती. ती वाचून रसायनशास्त्रज्ञाच्या कपाळावर आठ्या पडल्या तर त्यात त्याचा दोष नाही. मात्र स्टायनरने त्याच सभेत शेतकऱ्यांचे प्रयोगमंडळ नेमून पडताळा घेण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, हेही नमूद केले पाहिजे.

असा पडताळा पुढे स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून घेतला जात आहे. स्टायनरच्या मार्गाने जाणारी जीवगतिक, तसेच सेंद्रिय व रूढ या तीन पद्धती तेथे शेजारशेजारच्या वाफ्यांत चालतात. पहिल्या २१ वर्षांचा हिशेब २००२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला: पहिल्या दोन पद्धतींचे उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी कमी, पण खत व ऊर्जेचा खर्च ३४ ते ५३ टक्क्यांनी आणि कीटकनाशकांचा ९७ टक्क्यांनी कमी, शिवाय मातीतील सूक्ष्मजीवसृष्टी जीवगतिक वाफ्यांत विशेष समृद्ध. तथापि त्याचे श्रेय शिंगाला द्यावयाचे की कुजविलेल्या शेणखताला? या वाफ्यांत खत मुरविण्याची रीतही निराळी असल्याने तेवढ्या दाखल्यावर शिंगाच्या बाजूने निकाल देता येत नाही. त्यासाठी एकच खत दोन्ही वाफ्यांत घालून शिंपण एकातच करावयाचे, आणि मोजणाऱ्याला ते कोणत्या वाफ्यात झाले याचा थांगपत्ता लागू द्यावयाचा नाही.

जीवगतिक शेतकरी चंद्राच्या नक्षत्रावरून पेरणी ठरवितो, तेव्हा तिलाही असाच पडताळा हवा. आमच्या मृग नक्षत्रावरील पेरणीला अशी अडचण पडत नाही, कारण ते नक्षत्र सूर्याचे असते, चंद्राचे नव्हे. सूर्य तेथे येतो तेव्हा मोसमी पावसाचे दिवसही आलेले असतात.

राहता राहिला तो ढवळण्याचा तास. तो संपवून बादली घेतलेला माणूस बांधापासून बांधापर्यंत पायी फिरतो, आणि त्या फेरीत पानामागची अळी, तुंबलेली चारी, पिवळे पडू लागलेले गव्हाचे टोक त्याच्या नजरेस पडते.