थायरॉइडच्या गोळीआधीचे प्रश्न

सकाळी उठल्यावर उपाशीपोटी गोळी आणि अर्ध्या तासानं चहा, हा क्रम आता कित्येक घरांत ठरून गेला आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होतं, सुमारे 11 टक्के प्रौढांची थायरॉइड मंदावलेली आढळली. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या दोन ॲड्रिनल ग्रंथींचं तसं नाही. त्या स्वतःच निकामी होतात तो ॲडिसनचा आजार युरोपातल्या नोंदींनुसार दहा लाखांत साधारण शंभर-सव्वाशे जणांना असतो. पहिला आजार गल्लीगल्लीत भेटतो, दुसरा अनेक डॉक्टरांनी परीक्षेपुरता वाचलेला असतो. त्यामुळे दोन्ही ग्रंथींचा प्रश्न एकत्र आला की गोंधळ उडतो. काहींना नसलेला आजार चिकटवला जातो, तर काहींचा असलेला आजार वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

“गोळी चालू आहे तरी थकवा जात नाही, म्हणजे ॲड्रिनल थकल्या.”

‘ॲड्रिनल फटीग’ हे नाव 1998 मध्ये जेम्स विल्सन या अमेरिकी निसर्गोपचारकानं रूढ केलं. सततच्या ताणानं या ग्रंथी दमतात आणि त्यांचं कॉर्टिसोल हे हार्मोन कमी पडतं, अशी ती कल्पना. ऐकायला पटते, कारण दमलेल्या माणसाला आपल्या दमण्याचं कारण हवंच असतं. पण कादेजियानी आणि काटेर या ब्राझीलच्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये 58 अभ्यास तपासले आणि असा कुठला आजार असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. ताणाखाली ॲड्रिनल उलट जास्त कॉर्टिसोल बनवतात. थकवा खरा असतो, त्याचं कारण मात्र बहुतेकदा दुसरीकडे सापडतं: रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, अपुरी झोप, घोरणं, नैराश्य, मधुमेह.

या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ‘ॲड्रिनल सपोर्ट’ गोळ्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. अमेरिकेत अशी बारा उत्पादनं तपासून त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हार्मोन सापडलं आणि सातांमध्ये कुठलं ना कुठलं स्टिरॉइड. वेष्टनावर यातलं काहीच छापलेलं नव्हतं. गोळीनं तरतरी आली, असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसेल, पण त्याच्या पोटात काय चाललं आहे हे त्यालाही ठाऊक नसतं.

“टीएसएच नॉर्मल आलं, विषय संपला.”

बहुतेकांच्या बाबतीत खरंच संपतो. पण टीएसएच हे थायरॉइडचं हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिच्युटरी ग्रंथी थायरॉइडला त्यातून आदेश देते. ॲड्रिनललाही तीच एसीटीएचमधून हुकूम सोडते. पिच्युटरीच बिघडली तर दोन्हीकडचं काम एकदम थंडावतं आणि टीएसएच मात्र नॉर्मल किंवा कमीच दिसतं. तिथे फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, तपासलं नाही तर आजार कागदावर उमटतच नाही.

आपल्याकडे पिच्युटरी बिघडण्याची दोन कारणं विसरून चालणार नाही. पहिलं, बाळंतपणातला अति रक्तस्राव. त्यानं पिच्युटरीचा रक्तपुरवठा तुटतो. हॅरोल्ड शीहान यांनी 1937 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला शीहान सिंड्रोम म्हणतात. अशी बाई दवाखान्यात येते ती दहा-पंधरा वर्षांनी, अशक्तपणाची तक्रार घेऊन. नीट विचारलं तर सांगते, “त्या बाळंतपणात फार रक्त गेलं, अंगावर दूध आलंच नाही, पाळीही परत आली नाही.” हे तीन धागे जोडायला महागडी मशीन लागत नाही, विचारणारा लागतो. दुसरं कारण घोणस. तिच्या विषानं मूत्रपिंडं जातात हे गावागावांत माहीत आहे. पिच्युटरीलाही इजा होऊ शकते, हे कमी जणांना ठाऊक असतं.

उलटा गोंधळही होतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे काही प्रयोगशाळांत टीएसएच खोटंच कमी दिसतं. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवावं.

“थायरॉइडची गोळी निरुपद्रवी, आधी सुरू करू, बाकी मग बघू.”

या सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. गोळीतलं थायरॉक्सिन शरीराचा कारभार वेगानं चालवतं आणि त्या वेगात कॉर्टिसोलही लवकर संपतं. ज्याच्या ॲड्रिनल आधीच कोरड्या पडल्या आहेत, त्याला नुसतं थायरॉक्सिन दिलं तर उलट्या, रक्तदाब कोसळणं, बेशुद्धी असा ॲड्रिनल क्रायसिस येऊ शकतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून दोन्ही कमी असतील तर आधी कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टिरॉइड, मग थायरॉइड. हा क्रम ठरलेला आहे. शिवाय ॲडिसनचा इलाज झालेला नसताना टीएसएच थोडं वाढलेलं असू शकतं आणि स्टिरॉइड सुरू झाल्यावर आपोआप जागेवर येतं. म्हणजे काहींना थायरॉइडच्या गोळीची गरजच नसते.

मग संशय कधी घ्यायचा? थायरॉइड मंदावली की वजन साधारणपणे वाढतं. थायरॉइडचा पेशंट वाळत चालला असेल, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, मळमळत असेल, लोणच्याचा खार नुसता चाटावासा वाटत असेल, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त येत असेल, गोळी सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी बिघडलं असेल, तर थांबून विचार करायला हवा. ॲडिसनमध्ये त्वचा काळवंडते. आपल्या सावळ्या वर्णात “उन्हानं रापलाय” म्हणून ते सोडून दिलं जातं. ऊन पोचत नाही तिथे पाहायचं असतं: तळहाताच्या रेषा, हिरड्या, गालांची आतली बाजू, जुन्या जखमेचा व्रण. जाणता डॉक्टर तोंड उघडायला लावतो, आडवं झोपवून रक्तदाब घेतो आणि उभं करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घेतो. याला जास्तीची पाच मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून काही प्रत्येक थायरॉइड पेशंटनं कॉर्टिसोल तपासत सुटायचं नाही. उलट दिशेनं मात्र नियम आहे. ज्याला स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे ॲडिसन झाला, त्याची थायरॉइड दरवर्षी पाहावी, कारण अशांपैकी सुमारे निम्म्यांना प्रतिकारशक्तीचाच दुसरा एखादा आजार असतो आणि त्यात थायरॉइड पुढे असते. ही जोडी श्मिट यांनी 1926 मध्येच नोंदवली होती. भारतात क्षयरोगही ॲड्रिनल पोखरतो. क्षयाच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन कॉर्टिसोल आणि थायरॉक्सिन दोन्ही लवकर संपवतं, तेव्हा ते चालू असेल तर डोस नव्यानं बघावे लागतात.

कॉर्टिसोल तपासायचंच तर सकाळी आठच्या सुमारास. ते पहाटे-सकाळी शिखरावर असतं आणि दिवसभर उतरत जातं. दुपारी चारला ‘कमी’ आलेल्या आकड्यावरून घाबरणाऱ्यांची आणि घाबरवणाऱ्यांची संख्या बरीच आहे. सकाळचं कॉर्टिसोल 3 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळपास नक्की, 15-18 च्या वर असेल तर बहुधा नाहीच. मधल्या आकड्यांसाठी एसीटीएचचं इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एक तासानं पुन्हा रक्त घेतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा फुगतो, तेही सांगायला हवं.

“मी कधी स्टिरॉइड घेतलंच नाही.”

ॲड्रिनल झोपी जाण्याचं सर्वांत नेहमीचं कारण बाहेरून घेतलेलं स्टिरॉइड. सांधेदुखीवर जडीबुटी म्हणून मिळणारी पुडी, वजन वाढवायच्या गोळ्या, गजकर्णावर महिनोन्‌महिने चोळलेलं मलम, यांत ते असू शकतं. चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि पुडी अचानक बंद केली की माणूस अंथरूण धरतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना पुडीसुद्धा पिशवीत टाकून न्यावी. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे गरज असतानाही “स्टिरॉइड नको” म्हणणं. ॲडिसनमध्ये देतात ते साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून दोन-तीनदा विभागून. शरीर जे बनवायचं तेच, जवळपास तेवढंच. ते मनानं बंद केलं तर मृत्यू ओढवू शकतो.

“मोठा डॉक्टर म्हणजे जाणता डॉक्टर.”

जॉन एफ. केनेडींना 1947 मध्ये लंडनला ॲडिसनचं निदान झालं. त्यांच्या बहिणीलाही, युनिस यांना, तोच आजार होता आणि केनेडींना पुढे थायरॉइडचंही औषध लागत असे. या खुणा जुळवून 2009 मध्ये ली मँडेल या डॉक्टरांनी ही श्मिटची जोडीच होती, असं मांडलं. 1954 मध्ये केनेडींच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, ती ॲड्रिनल आजारात कशी पार पाडली याचा वृत्तांत नाव न देता वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला. 1960 च्या निवडणुकीत मात्र आजार नाकारला गेला. आणि अध्यक्ष झाल्यावर, हार्मोनतज्ज्ञ हाताशी असताना, हेच गृहस्थ मॅक्स जेकबसन या डॉक्टरकडून ॲम्फेटामीन मिसळलेली इंजेक्शनं घेत होते. व्हाइट हाउसमध्ये हे घडतं, तर ‘थायरॉइड व हार्मोन स्पेशालिस्ट’ असा फलक बघून आपण आत शिरतो त्यात नवल कसलं!

पदवी बघायचीच तर फलकावरच्या शब्दांऐवजी डीएम किंवा डीआरएनबी एंडोक्रायनॉलॉजी आहे का ते बघावं. मेडिसिन किंवा बालरोगातल्या एमडीनंतरचं हे तीन वर्षांचं शिक्षण. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदवहीत तपासता येते. मुंबईत केईएम आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ बहुधा नसतो. तिथे निदान आणि डोस एकदा मोठ्या रुग्णालयातून ठरवून घ्यावा आणि रोजची देखरेख गावच्या एमडीकडे ठेवावी. ही वाटणी चांगली चालते, फक्त दोघांकडे एकच कागद हवा. जुने रिपोर्ट तारखेवार लावून न्या, अर्धी कहाणी त्यातच असते.

पहिल्याच भेटीत पाच हजारांच्या लाळेच्या चाचण्या आणि तिथल्याच काउंटरवरचे डबे लिहून देणारा मला खटकतो, मग त्याच्यामागे कितीही प्रमाणपत्रं टांगलेली असोत. पारख करायची तर एकच प्रश्न विचारून बघावा: “डॉक्टर, ताप आला तर स्टिरॉइडची गोळी किती घ्यायची?” ज्याला ॲडिसन कळतो तो ताबडतोब सांगतो, ताप असेतोवर डोस दुप्पट-तिप्पट, उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर घरी वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन 100 मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाइन, ऑपरेशन किंवा दात काढण्याआधी आम्हाला कळवा. हे इंजेक्शन दमा आणि ॲलर्जीसाठीही वापरतात, त्यामुळे साध्या ग्रामीण रुग्णालयातही ते सहसा मिळतं. फक्त “हिला ॲडिसन आहे, आधी हायड्रोकॉर्टिसोन द्या” हे वाक्य मराठीत लिहिलेलं कार्ड पाकिटात हवं आणि घरातल्या निदान एकाला ते तोंडपाठ हवं.