१५ सप्टेंबरच्या घरात कोण कोण राहतं?

सप्टेंबर उजाडला की आपल्या कॉलेजात दोन गोष्टी हमखास होतात. पहिली म्हणजे युनिट टेस्टचं टाइमटेबल लागतं आणि दुसरी म्हणजे इंजिनिअर्स डे. १५ तारखेला सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या फोटोला हार, पाहुण्यांचं भाषण, मग वडा आणि चहा. संपलं! यंदा मेसबाहेरच्या 'दिनविशेष' फळ्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणून या तारखेला जगात आणखी काय काय घडलं याची मी शोधाशोध केली. दोन ओळी लिहून मोकळं व्हायचा बेत होता, पण फळाच पुरेना. जे फळ्यावर मावलं नाही ते इथे लिहीत आहे.

आधी थोडं गणित

एकाच तारखेला इतक्या गोष्टी कशा, हा प्रश्न पहिल्यांदा पडतो. उत्तर सोपं आहे. कोणत्याही २३ जणांना एका खोलीत बसवा. त्यांतल्या निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५०.७ टक्के असते. ६० जणांचा वर्ग घेतला तर ती ९९ टक्क्यांच्या वर जाते. पटत नाही ना? कारण आपण 'माझ्या तारखेला कोण?' असा विचार करतो. पण २३ जणांत जोड्या किती होतात? २३ गुणिले २२ भागिले २, म्हणजे २५३. एवढ्या जोड्यांमध्ये एखादी जुळली तर नवल काय? इतिहासात तर घटना हजारो आणि वर्षाच्या कॅलेंडरात घरं फक्त ३६६. प्रत्येक घरात गर्दी ही असणारच.

शिवाय तारीख म्हणजे तरी काय? पृथ्वी सूर्याभोवती फिरताना साधारण त्याच जागी परत आली, इतकंच. माझी आजी माझा वाढदिवस तिथीने करते. तिथी आणि तारीख १९ वर्षांनी जवळपास पुन्हा एकत्र येतात, त्यामुळे माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला औक्षण आणि केक एकाच दिवशी झालं! इंग्लंडने १७५२ साली नवं कॅलेंडर घेतलं तेव्हा तर २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. मधले ११ दिवस गायब. म्हणजे तारखेत जादू वगैरे काही नाही.

मग हा लेख कशासाठी? तर एका घरातली माणसं एकमेकांशेजारी बसवली की एरवी न सुचणारे प्रश्न सुचतात, म्हणून. मला जो प्रश्न सुचला तो असा : यंत्र चालू करणं ही इंजिनिअरिंगची अर्धी बाजू झाली, पण ते बिघडलं तर थांबवायचं कसं, हा विचार कोणी केला होता?

१८३० : ब्रेक नसलेलं इंजिन

१५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल ते मँचेस्टर ही रेल्वे सुरू झाली. सुमारे ५० किलोमीटर अंतर, दोन मोठी शहरं आणि सगळ्या गाड्या वाफेच्या इंजिनावर. आपल्याकडची मुंबई-ठाणे गाडी धावली ती १८५३ साली, म्हणजे तेवीस वर्षांनी. उद्घाटनाला पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन स्वतः हजर होते. जॉर्ज स्टीफन्सन 'नॉर्थम्ब्रियन' इंजिन चालवत होते.

वाटेत पार्कसाइडला पाणी भरायला गाडी थांबली. खाली उतरू नका असं सांगितलेलं असूनही बरेच पाहुणे रुळांवर उतरले. त्यात लिव्हरपूलचे खासदार विल्यम हस्किसन होते. ड्यूकशी त्यांचं पूर्वी बिनसलं होतं, ते मिटवायला ते हात मिळवायला गेले. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून 'रॉकेट' आलं. रॉकेटला ब्रेकच नव्हते! चालकाच्या हातात इंजिन उलट दिशेला टाकणं एवढाच उपाय होता. दोन रुळांमधली जागा अरुंद होती. गोंधळलेल्या हस्किसननी ड्यूकच्या डब्याचा दरवाजा धरला, तो बाहेरच्या बाजूला उघडला आणि ते रॉकेटसमोर पडले. स्टीफन्सननी त्यांना वेगाने एक्ल्सला पोचवलं, पण रात्री ते गेले.

ज्या वेगाने त्यांचा जीव घेतला त्याच वेगाने त्यांना डॉक्टरपर्यंत नेलं. मला हे वाचून कसंतरीच झालं. वेग कमवण्यावर कितीतरी डोकी खपली होती, पण थांबण्यावर तितकी नाही.

१८५९ : बंद राहिलेला कॉक

याच तारखेला, १८५९ साली, इसाम्बार्ड किंग्डम ब्रुनेल वारले. वय अवघं ५३. पूल, बोगदे, ग्रेट वेस्टर्न रेल्वे, जहाजं, या माणसाने काय केलं नाही ते विचारा. त्यांचं शेवटचं जहाज 'ग्रेट ईस्टर्न', लांबी सुमारे २११ मीटर. पूर्वेकडच्या लांबच्या प्रवासात वाटेत कोळसा घ्यावा लागू नये म्हणून ते एवढं मोठं केलं होतं.

ट्रायलच्या आधी जहाजावरच ब्रुनेलना पक्षाघाताचा झटका आला. ते अंथरुणावर असताना, ९ सप्टेंबरला, जहाजावर मोठा स्फोट झाला. धुरांड्याभोवती पाणी गरम करणारं एक आवरण होतं. त्यातला दाब बाहेर जायचा कॉक बंद राहिला होता. वाफेला वाट मिळाली नाही, धुरांडं उडालं आणि भट्टीवरची माणसं भाजून मेली. सहा दिवसांनी ब्रुनेलही गेले.

पण जहाज वाचलं. पुढे त्याने समुद्राखालून तारेच्या केबल टाकल्या. १८६६ साली अटलांटिकमधून आणि १८७० साली मुंबई ते एडन. म्हणजे ब्रुनेलचं जहाज आपल्या मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन गेलं आहे, बरं का!

१८६१ : आपोआप उघडणारे दरवाजे

आता आपले विश्वेश्वरय्या. जन्म मुद्देनहळ्ळीचा, १५ सप्टेंबरचा. वर्षाबाबत पुस्तकांत एकमत नाही, काही १८६० देतात, बरीचशी १८६१. टपाल खात्याने मात्र १५ सप्टेंबर १९६० रोजी त्यांच्या शताब्दीचं तिकीट काढलं, आणि ते स्वतः तेव्हा हयात होते!

त्यांचं इंजिनिअरिंग झालं पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या सीओईपीत. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत ते रुजू झाले. धरण म्हटलं की आपल्याला कृष्णराजसागर आठवतं, पण आपल्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट खडकवासल्याची. तिथे जास्त पाणी साठवायचं होतं. भिंत उंच करणं खर्चाचं काम. त्यांनी सांडव्यावर असे दरवाजे बसवले की एरवी ते पाणी अडवून धरत, पण पूर आला आणि पाणी ठरलेल्या पातळीवर चढलं की वजनांच्या तोलाने आपोआप उघडत. पाणी उतरलं की पुन्हा बंद. १९०३ च्या सुमाराला हे काम पूर्ण झालं. डिझाइनचं पेटंट त्यांच्या नावावर होतं, पण त्याची रॉयल्टी त्यांनी घेतली नाही.

जरा विचार करा. रात्री दोन वाजता पूर आला तर माणूस धावत जाऊन दरवाजा उघडेल या भरवशावर त्यांनी धरण सोडलं नाही. जास्त साठवायचं कसं आणि जास्त झालं तर सोडायचं कसं, ही दोन्ही उत्तरं एकाच ड्रॉइंगमध्ये होती.

कॅलेंडरच्या या घरात न बसणारी एक तारीख

इथे मला १५ सप्टेंबर सोडून थोडं बाहेर जावं लागतंय, कारण खडकवासल्याची गोष्ट तिथेच संपत नाही. १२ जुलै १९६१. वरचं पानशेत धरण, ज्याचं काम अजून पुरतं झालेलं नव्हतं, पावसाच्या पाण्याने भरलं आणि फुटलं. तो लोंढा खाली आला आणि खडकवासल्याची भिंतही गेली. पुण्यात नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या.

माझ्या आजीचं माहेर त्याच पेठांमध्ये. ती तेव्हा शाळेत होती. घरात पानशेत हा शब्द निघाला की ती हातातलं काम थांबवते. पाणी उतरल्यावर भिंतींना लागलेला चिखल आणि त्याचा वास, एवढंच सांगते, पुढे बोलत नाही. विश्वेश्वरय्या त्या वेळी जिवंत होते, पुढच्या वर्षी, १९६२ साली गेले. त्यांच्या दरवाजांचा हिशोब खडकवासल्यात येणाऱ्या पुराचा होता. वरचं अख्खं धरण अंगावर येईल, हा हिशोब कोणत्याच दरवाजाला पेलणारा नव्हता. मी सिव्हिल घेतलं त्याला आजीचं ते गप्प बसणंही थोडंफार कारण आहे.

१९१६ आणि १९५९ : दोन सुरुवाती

परत आपल्या घरात येऊ. १५ सप्टेंबर १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई. या दिवशी ब्रिटिशांनी रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरवला. गुप्तता राहावी म्हणून या पोलादी गाड्यांना 'टँक', म्हणजे पाण्याची टाकी, असं नाव दिलं होतं. गंमत म्हणजे 'टँक' या शब्दाचं मूळ आपल्याकडच्या 'टाकी'त असावं, असं काही शब्दकोश सांगतात. एकीकडे विश्वेश्वरय्यांची पाण्याची टाकी आणि दुसरीकडे ही! त्या दिवशी ४९ रणगाडे दिले होते, त्यांतले निघण्याच्या जागेपर्यंत पोचले साधारण ३२. बाकीचे वाटेतच बिघडले किंवा अडकले. घाईने मैदानात आणलेलं यंत्र असंच वागतं.

याउलट १५ सप्टेंबर १९५९. दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं, तेही प्रयोग म्हणून. छोटा ट्रान्समीटर, मोजके टीव्ही संच आणि आठवड्यातून दोनच दिवस कार्यक्रम. रोजचं प्रक्षेपण १९६५ साली आलं आणि मुंबईला केंद्र १९७२ साली. आधी लहान प्रमाणावर करून बघा, मग वाढवा. आपल्या लॅबमधले सर हेच तर सांगत असतात.

बाकीचे भाडेकरू

या घरात आणखीही मंडळी आहेत. १८३५ साली याच दिवशी डार्विनचं 'बीगल' जहाज गालापागोस बेटांपाशी पोचलं. १८२१ साली मध्य अमेरिकेतले देश स्पेनपासून स्वतंत्र झाले. रहस्यकथांची राणी अगाथा ख्रिस्ती (१८९०), तामिळनाडूचे सी. एन. अण्णादुराई (१९०९) आणि क्वार्क हे नाव देणारे मरे गेल-मान (१९२९) हे तिघंही याच तारखेचे.

आणि २००८ साली याच दिवशी अमेरिकेची लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत गेली, त्याचा धक्का जगभरातल्या नोकऱ्यांना बसला. त्या धंद्यालाही फायनान्शियल 'इंजिनिअरिंग' म्हणतात. तिथेही कर्जाचा वेग वाढवणारे पुष्कळ होते, कॉक उघडा ठेवणारा कोणी दिसला नाही.

२०१७ : ठरवून केलेला शेवट

शेवटचा भाडेकरू माझा सगळ्यात आवडता. कॅसिनी यान १९९७ साली निघालं, २००४ मध्ये शनीपाशी पोचलं आणि तेरा वर्षं त्याच्याभोवती फिरत राहिलं. इंधन संपत आलं. नुसतं सोडून दिलं असतं तर ते कधीतरी एन्सेलाडस किंवा टायटन या उपग्रहांवर आदळलं असतं. एन्सेलाडसच्या बर्फाखाली पाणी आहे, तिथे जीवसृष्टी असू शकेल. पृथ्वीवरचे जंतू यानाबरोबर तिथे जाऊ नयेत, म्हणून शास्त्रज्ञांनी हाती ताबा असतानाच ते शनीच्या वातावरणात घातलं आणि जाळलं. १५ सप्टेंबर २०१७ ला, आपल्याकडे संध्याकाळी सव्वापाच वाजून गेल्यावर, शेवटचा सिग्नल पृथ्वीवर आला. तो निघाला होता ८३ मिनिटांपूर्वी. म्हणजे सिग्नल ऐकला जात होता तेव्हा यान केव्हाच संपलं होतं.

जिथे कोणी ओरडणार नाही, कोणी नुकसानभरपाई मागणार नाही, अशा जागेचीही काळजी घेतली गेली. ब्रेक नसलेल्या रॉकेटपासून इथपर्यंत यायला १८७ वर्षं लागली.

दोन वर्षांनी आपल्यातले बरेच जण ड्रॉइंगवर सही करणारे होतील. व्हायव्हात 'हे कसं चालतं?' याचं उत्तर आपण पाठ करतो. 'हे बिघडलं तर कुठे, कसं आणि खाली कोण राहतं?' हा प्रश्न परीक्षेत क्वचितच येतो, पण साइटवर पहिल्या पावसात येतो. तेव्हा माझी एक सूचना आहे. प्रत्येकाने आपापल्या वाढदिवसाच्या घरात डोकावून बघा, कोण कोण राहतं ते. एखादं यंत्र, पूल किंवा धरण सापडलंच तर त्याला एवढं नक्की विचारा, तुझा कॉक उघडा होता का? आणि उत्तर मिळालं तर पुढच्या अंकासाठी मला लिहून द्या!