मालदीवला निघालेली बॅग

लोणावळ्यात श्रावणात बॅग भरायला घेणं म्हणजे पावसाशी पैज लावणं. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पडणारा हा पाऊस कपाटातल्या कमरेच्या पट्ट्यालाही बुरशी आणतो. माझी भाची मालदीवच्या एका बेटावर इंग्रजी शिकवायला निघाली, तेव्हा ताईच्या घरी सकाळपासून इस्त्री चालू होती. चुण्यांची चिंता कुणालाच नव्हती, ओल जाणं महत्त्वाचं. इस्त्रीचा ड्रेस पंख्याखाली पूर्ण गार करायचा, पिशवीत सरकवायचा आणि तळहाताने दाबून हवा काढायची. गरम भरला तर आत वाफ धरते, आणि बॅग उघडेपर्यंत कुबट वास मुरलेला असतो.

मालदीवच्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक वर्षानुवर्षं आहेत. तिथे बरेचसे विषय इंग्रजीतूनच शिकवतात. पदवी आणि बी.एड.ची प्रमाणपत्रं आधी राज्य सरकारच्या, मग परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यांतून गेली होती. ती फाइल हातातल्या बॅगेत, पॉवर बँकेच्या शेजारी. पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालतच नाही. प्रमाणपत्रं चालतात, पण मोठी बॅग दुसरीकडे गेली तर शिक्के कुणाकडे मागणार?

खरी ओढाताण स्वयंपाकघराच्या दारात झाली. ताईने खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवल्या होत्या.

"आई, खोबरं काढ."

"अगं, चटणीपुरतं आहे."

"चटणीपुरतंही नाही."

सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असतं. साठवलेलं खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत ते धोकादायक मालात मोडतं. आपल्याकडे 2022 पासून ते मोठ्या बॅगेतूनही नेता येत नाही. ताईला हे पटलं नाही. आयुष्यभर डब्यात ठेवलेलं खोबरं कधी पेटलेलं तिने पाहिलं नव्हतं. गोडा मसाला मात्र बॅगेत गेला. शेजारच्या मुलासाठी दुबईला पाठवताना हाच मसाला खसखस वगळून करावा लागतो, कारण तिथे खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे.

मग साड्यांच्या घडीतून पितळेचा छोटा गणपती निघाला. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती नेण्यास मनाई आहे, दारू आणि डुकराच्या मांसाइतकीच कडक. भाचीने तो काही न बोलता देवघरात परत ठेवला. ताई एवढंच म्हणाली, "एकवीरेला सांगून आलोय, बास झालं." भावजींनी कामशेतहून आणलेला इंद्रायणी तांदूळही घरीच राहिला. 1987 साली मावळातल्याच भात संशोधन केंद्रातून आलेलं हे वाण, त्याचा मऊ भात सोडून जायचं भावजींच्या जिवावर आलं होतं, जाणार मुलगी असली तरी. "बाबा, तिथेही भातच खातात," ती म्हणाली.

एवढं काढल्यावर बॅगेत जी जागा झाली, तिथे भाचीने एक जाडसर पाकीट ठेवलं. आत लॅमिनेशन केलेले फोटो होते: लोहगडाची विंचूकाटा माची, भरून वाहणारी इंद्रायणी नदी, भाजे लेणी, आणि बोरघाट चढणारी गाडी, मागून ढकलणाऱ्या इंजिनांसकट. ही इंजिनं कर्जतला लावतात, हे लोणावळ्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण भाची जिथे निघाली आहे त्या देशात रेल्वे नाही. नदी नाही. साऱ्या मालदीवमधली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा समुद्रापासून अडीच मीटरच्या आत आहे, म्हणजे आपल्या दाराच्या चौकटीपेक्षा थोडीशीच वर. इंग्रजीच्या पुस्तकात डोंगर, दरी, नदी, बोगदा हे शब्द तर पानोपानी येतात. तिने प्रत्येक फोटोच्या मागे मार्करने दोन-तीन प्रश्न लिहिले होते. कोण वर चाललंय? गाडी मागून का ढकलतात? पाणी कुठून आलं? उत्तर पाठ करून देता येणार नाही, मुलांना बोलावंच लागेल, असे. पाकिटाचं वजन अर्धा किलोही नसेल.

शेवटी भावजींनी ताणकाटा दाराच्या कडीला अडकवला आणि बॅग टांगली. मर्यादा 30 किलोची, काटा पुढे गेलेला. ताईने लगेच पाकिटाकडे बोट दाखवलं. भाचीने चिक्कीचे दोन डबे काढले, एक शिक्षकांच्या खोलीसाठी ठेवला, आणि काटा मर्यादेच्या आत आला. ताई नाराज झाली, पण माझ्या मते मुलीचाच हिशेब बरोबर होता. चिक्की पुढे कुणाच्याही हाती पाठवता येते. पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर उभं राहिल्यावर लोहगडाचा फोटो मात्र हाताशीच लागतो.

तुमच्या घरातलं कुणी शिकवायला परदेशी निघालं असेल, तर मसाला भाजायच्या आधी त्या देशाच्या कस्टम्सची यादी वाचा, आणि वर्गात लागणाऱ्या वस्तू बॅगेत सगळ्यात आधी ठेवायला सांगा.