विक्रमी नफा, पण विमाने कुठे? ‘एचएएल’चा ताळेबंद काय सांगतो?

हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अर्थात ‘एचएएल’ने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ८,३६४ कोटी रुपयांचा निव्वळ नफा कमावला. कंपनीच्या हातातील मागण्या वर्षभरात जवळपास दुप्पट झाल्या. मात्र मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाच्या ताब्यात येऊ लागतील असे ठरलेल्या ‘तेजस एमके-१ए’ या लढाऊ विमानांपैकी एकही विमान या वर्षात सुपूर्द झाले नाही. मुख्य उत्पादन वेळेवर देता येत नसताना नफ्याचा विक्रम होतो कसा? आणि गुंतवणूकदाराला दिसणारे चित्र व वैमानिकाला दिसणारे चित्र इतके वेगळे का?

आकडे काय सांगतात?

२०२४-२५ मध्ये एचएएलचे कामकाजातून मिळालेले उत्पन्न ३०,९८१ कोटी रुपये होते. आदल्या वर्षी ते ३०,३८१ कोटी होते. म्हणजे वाढ जेमतेम दोन टक्के. निव्वळ नफा मात्र ७,६२१ कोटींवरून ८,३६४ कोटींवर गेला. ही वाढ सुमारे दहा टक्के आहे. कामकाजातील उत्पन्नाशी तुलना केली, तर शंभर रुपयांमागे जवळपास २७ रुपये निव्वळ नफा, असे हे प्रमाण आहे. कारखानदारीत हे प्रमाण फार मोठे मानले जाते.

३१ मार्च २०२५ रोजी कंपनीच्या हाती १.८४ लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मागण्या होत्या. वर्षभरापूर्वी हा आकडा सुमारे ९४ हजार कोटी होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंपनीला ‘महारत्न’ दर्जाही दिला. कागदावर पाहिले तर हे वर्ष कंपनीसाठी उत्तमच गेले. उत्पन्न फारसे का वाढले नाही, याचे कारण कंपनीने जागतिक अस्थिरतेमुळे विस्कळीत झालेली पुरवठा साखळी असे दिले.

नवे विमान दिले नाही, तरी पैसा येतो कुठून?

याचे उत्तर एका शब्दात द्यायचे तर ‘दुरुस्ती’. एचएएल ही केवळ विमाने बांधणारी कंपनी नाही. लढाऊ विमाने, प्रशिक्षण विमाने, हेलिकॉप्टर, इंजिने, विमानातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आणि अवकाश क्षेत्रासाठी लागणारे भाग असा तिचा पसारा आहे. बेंगळूरु, नाशिक, कोरापुट, लखनौ, कानपूर, हैदराबाद अशा अनेक ठिकाणी तिचे कारखाने आहेत. जून २०२५ मध्ये ‘इस्रो’च्या लघु उपग्रह प्रक्षेपकाचे (एसएसएलव्ही) तंत्रज्ञान हस्तांतरित करून घेण्याची ५११ कोटी रुपयांची बोलीही तिने जिंकली.

पण कमाईचा कणा आहे तो सैन्यदलांकडे आधीपासून असलेल्या विमानांची देखभाल, दुरुस्ती आणि सुटे भाग. अलीकडच्या वर्षांत उत्पन्नाचा दोनतृतीयांशहून अधिक भाग याच कामातून आला आहे. लढाऊ विमान ठरावीक तास उडाले की त्याचे इंजिन, चाकांची यंत्रणा, हायड्रॉलिक पंप सुटे करून तपासावे लागतात आणि झिजलेले भाग बदलावे लागतात. सुखोई-३० एमकेआयसारखे विमान तीन-चार दशके सेवेत राहते. त्यामुळे विमान एकदाच विकले जाते, पण त्याच्या दुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे मिळत राहते. या कामात स्पर्धकही फारसे नाहीत. नवी विमाने रखडली की जुनी विमाने अधिक काळ उडवावी लागतात आणि त्यांची दुरुस्तीही एचएएलकडेच येते. नव्या विमानांना उशीर झाला तरी ताळेबंदाला लगेच धक्का बसत नाही, तो यामुळे.

दुसरा स्रोत आहे ‘इतर उत्पन्न’. संरक्षण करारात ग्राहक काही रक्कम आगाऊ देतो. ती प्रत्यक्ष खर्च होईपर्यंत आणि कंपनीकडे साचलेला इतर निधीही बँकेत ठेवींच्या रूपात राहतो व त्यावर व्याज मिळते. २०२४-२५ मध्ये एचएएलचे इतर उत्पन्न अडीच हजार कोटी रुपयांच्या घरात होते. नफा उत्पन्नापेक्षा वेगाने वाढण्यात याचाही वाटा आहे.

ऑर्डर बुक फुगले म्हणजे कमाई झाली का?

नाही. ऑर्डर बुक म्हणजे करार झालेले, पण अजून पूर्ण व्हायचे असलेले काम. करारावर सही झाली की त्याची किंमत ऑर्डर बुकात येते. ते उत्पन्न म्हणून नोंदवता येते, ते विमान सुपूर्द झाल्यावर किंवा करारात ठरलेला टप्पा पूर्ण झाल्यावरच. ग्राहकाने दिलेली आगाऊ रक्कमसुद्धा तोवर कंपनीच्या पुस्तकात देणे म्हणूनच राहते.

२०२४-२५ मध्ये एचएएलला नव्या उत्पादनाच्या सुमारे १.०२ लाख कोटी रुपयांच्या मागण्या मिळाल्या. त्यात प्रामुख्याने तीन करार आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोईसाठी २४० ‘एएल-३१एफपी’ इंजिनांचा सुमारे २६ हजार कोटींचा करार झाला. ही इंजिने ओडिशातील कोरापुट येथे आठ वर्षांत तयार व्हायची आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये १२ सुखोई विमानांचा सुमारे १३,५०० कोटींचा करार झाला. आणि आर्थिक वर्ष संपायला तीन दिवस उरले असताना, २८ मार्च २०२५ रोजी १५६ ‘प्रचंड’ लढाऊ हेलिकॉप्टरसाठी ६२,७०० कोटींचे करार झाले. यातील ९० हेलिकॉप्टर लष्कराला आणि ६६ हवाई दलाला मिळणार आहेत.

म्हणजे ऑर्डर बुकातील सर्वांत मोठी भर शेवटच्या आठवड्यात पडली. तिचा त्या वर्षाच्या उत्पन्नाशी काही संबंध नव्हता. सध्याच्या वार्षिक उत्पन्नाने भागले तर हातातील काम सुमारे सहा वर्षांचे होते. गुंतवणूकदाराला हे सहा वर्षांचे हमखास काम दिसते, तर हवाई दलाला ती सहा वर्षांची प्रतीक्षा यादी वाटते.

‘तेजस’चे घोडे कुठे अडले?

फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस एमके-१ए विमानांचा सुमारे ४८ हजार कोटींचा करार झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एचएएलने अमेरिकेच्या ‘जीई’ कंपनीकडे ९९ एफ-४०४ इंजिनांची ७१ कोटी ६० लाख डॉलरची मागणी नोंदवली. या इंजिनाची उत्पादन साखळी मधल्या काळात बंद पडली होती. ती पुन्हा सुरू करताना पुरवठादारांच्या अडचणी आल्या आणि करारातील पहिले इंजिन थेट मार्च २०२५ मध्ये मिळाले. तोवर विमानाचे सांगाडे तयार होते, पण इंजिन नव्हते, अशी कंपनीची बाजू आहे. नवे रडार, क्षेपणास्त्रे आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ घालणाऱ्या चाचण्यांनाही वेळ लागला.

हवाई दलाचा संयम मात्र सुटत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेंगळूरुच्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल ए. पी. सिंग यांनी एचएएलच्या वेळापत्रकावर विश्वास उरला नसल्याची भावना बोलून दाखवली. त्यामागे ठोस कारण होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी अखेरची मिग-२१ विमाने निवृत्त झाली आणि लढाऊ तुकड्यांची संख्या २९ वर आली. मंजूर संख्या आहे ४२. त्याच्या आदल्याच दिवशी संरक्षण मंत्रालयाने आणखी ९७ तेजस एमके-१ए विमानांचा ६२,३७० कोटींचा करार एचएएलशी केला. पहिल्या ८३ पैकी एकही विमान तोवर हवाई दलाला मिळालेले नव्हते.

विलंबाबरोबरच गुणवत्तेचा प्रश्नही या वर्षात पुढे आला. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर कोसळले. त्यानंतर तिन्ही सेनादले आणि तटरक्षक दलाची ध्रुव हेलिकॉप्टर जमिनीवर ठेवण्यात आली. लष्कर आणि हवाई दलाच्या ध्रुवचे उड्डाण मे महिन्यात पुन्हा सुरू झाले. विक्रमी नफ्याच्या वर्षातील शेवटचे तीन महिने कंपनीचे सर्वाधिक वापरात असलेले हेलिकॉप्टर उभे होते.

नाशिकसाठी याचा अर्थ काय?

सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळूरुत ज्या कंपनीची स्थापना केली, तीच पुढे सरकारी एचएएल झाली. नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय येथेच तयार झाली. सुखोईचा मूळ कार्यक्रम संपल्यावर ओझरमध्ये मुख्यत्वे दुरुस्तीचे काम उरले होते. आता १२ नव्या सुखोईंची मागणी आली आहे. शिवाय १७ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटन ओझरमध्ये झाले. येथे बांधलेल्या पहिल्या एमके-१ए ने त्या दिवशी आकाशात झेपही घेतली.

नाशिकची क्षमता वर्षाला आठ विमानांची आहे. बेंगळूरुच्या दोन साखळ्यांची १६ धरली तर एकूण २४. दोन्ही करारांची मिळून १८० विमाने या गतीनेही साडेसात वर्षे घेतील. त्यासाठी इंजिने त्याच गतीने यायला हवीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये आणखी ११३ इंजिनांचा करार जीईशी झाला तो याच हिशेबाने. ओझरच्या आजूबाजूला सुटे भाग पुरवणाऱ्या लघुउद्योगांचे कामही या गतीवरच अवलंबून आहे. ऑर्डर बुक कितीही मोठे असले, तरी त्यांचे बिल निघते ते भाग कारखान्यात पोहोचल्यावरच.

मालक आणि ग्राहक एकच असला की काय होते?

एचएएलमध्ये केंद्र सरकारचा हिस्सा ७१.६४ टक्के आहे. २०२४-२५ साठी कंपनीने प्रतिसमभाग एकूण ४० रुपये लाभांश दिला. ६६.८८ कोटी समभागांच्या हिशेबाने ही रक्कम सुमारे २,६७५ कोटी होते आणि त्यातील सुमारे १,९०० कोटी सरकारच्या वाट्याला येतात. दुसरीकडे कंपनीच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग संरक्षण मंत्रालयाच्याच तिजोरीतून येतो. उशीर झाल्यास दंडाची तरतूद करारात असते. पण दंड आकारणारा आणि दंड भरणाऱ्या कंपनीचा मालक एकच असल्यावर त्या दंडाची धार बोथट होते.

यात सामान्य भागधारकाची एक अडचण आहे. संरक्षण उत्पादनातील कंपन्यांना विभागवार हिशेब जाहीर करण्यापासून सूट आहे. त्यामुळे तेजसवर किती कमावले, हेलिकॉप्टरवर किती आणि दुरुस्तीवर किती, हे ताळेबंदातून सुटेसुटे कळत नाही.

मक्तेदारीला आता धक्के बसू लागले आहेत. पुढच्या पिढीच्या ‘एएमसीए’ या स्टेल्थ लढाऊ विमानाच्या कामासाठी सरकारी आणि खासगी कंपन्यांना समान संधी देणारे प्रारूप संरक्षणमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये मंजूर केले.

पुढच्या निकालांत काय पाहावे?

निव्वळ नफा आणि ऑर्डर बुक या दोन आकड्यांच्याच बातम्या होतात. त्यापलीकडे तीन गोष्टी पाहायला हव्यात. पहिली, उत्पन्नात नव्या उत्पादनाचा वाटा वाढतो की दुरुस्तीचाच राहतो. दुसरी, ऑर्डर बुकातून किती काम पूर्ण होऊन बाहेर पडले. केवळ नव्या करारांनी ते वाढत असेल, तर ती थकबाकीची वाढ आहे. तिसरी, नफ्यात व्याजाच्या उत्पन्नाचा हिस्सा किती आहे.

आणि ज्याची नोंद कोणत्याही तिमाही निकालात ठळकपणे येत नाही असा एक आकडा म्हणजे त्या वर्षात हवाई दलाच्या ताब्यात प्रत्यक्ष किती विमाने गेली. २९ लढाऊ तुकड्यांचे ४२ होणे या आकड्यावर अवलंबून आहे.